आयव्हीएफमध्ये दोन नको, एकच गर्भ आत सोडा

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या गल्लीत सध्या तीन घरांत जुळी आहेत, पूर्वी म्हणायचे बाईनं जोडकेळं खाल्लं, आता म्हणतात देवाची कृपा, पण कारण वेगळंय आणि ते पेपरात यायला हवं. बऱ्याच जणींना आता मूल पस्तिशीत होतं, त्या वयात बीज वाढवणारं एफएसएच हार्मोन वाढतं, कधी कधी एकाच महिन्यात दोन बीजं सुटतात, म्हणजे औषध न घेताही जुळ्याचा चान्स वाढतो. त्यात मूल व्हावं म्हणून इंजेक्शनं घेतली की अजून बीजं, आणि आयव्हीएफमध्ये, म्हणजे बाहेर प्रयोगशाळेत गर्भ तयार करतात त्यात, तर बऱ्याचदा दोन-तीन गर्भ एकदम गर्भाशयात सोडतात. अमेरिकेत 1980 ला हजार बाळांमागे जुळ्यातली साधारण 19 असायची, 2014 ला 34 च्या घरात गेली.

मी आयव्हीएफच्या विरोधात नाही, 1986 ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांनी शास्त्रीय नोंद असलेलं देशातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आणलं ते आम्ही कौतुकानं वाचलेलं. पण माझ्या भाचीला सदतिसाव्या वर्षी क्लिनिकात सांगितलं दोन सोडूया, खर्च एकदाच, आणि मीपण म्हणाले एकाच बाळंतपणात दोन, सुटली पोरगी. त्याचं अजून वाईट वाटतं. एकतिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या, एक मुलगी 1350 ग्रॅम, दुसरी 1200. पाच आठवडे काचेच्या पेटीत. नळीनं 2-2 मिली दूध, भाची पोटाचे टाके सांभाळत दर तीन तासांनी पंप लावून बसायची आणि वाटीत जेमतेम चमचाभर यायचं, जावई वहीत वजन लिहायचे, 20 ग्रॅम वाढलं तरी रात्री फोन करायचे. पोरी आता बऱ्या आहेत, पण एनआयसीयूचं, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूचं, बिल बघता खर्च एकदाच हे कुणी म्हणू नये.

स्वीडनमध्ये 2003 पासून साधारणपणे एकच गर्भ सोडायचा नियम आहे, बाकीचे गोठवून पुढच्या वेळेला ठेवतात. तिथं आयव्हीएफची जुळी पाव हिश्श्यावरून पाच टक्क्यांच्या आसपास आली आणि मूल होण्याचं प्रमाण काही पडलं नाही. आपल्याकडे 2021 च्या कायद्यानं या उपचारासाठी बाईला 50 वर्षांची मर्यादा घातली ते चांगलंच झालं, पण कितीतरी जोडप्यांना एकच सोडा असं म्हणता येतं हेच माहीत नसतं.

आरोग्य पुरवणीत आयव्हीएफवर लेख येतो तेव्हा डॉक्टरांना एवढं विचारून छापा, एकच का नाही सोडत, आणि उरलेले गोठवायला किती पैसे घेता?

एक वाचक, सातारा