शेजारी कॅमेरे लावायला आलेल्या पोरा, तुझे आभार

बाबू,

घाईत तुझं नाव विचारायचं राहूनच गेलं म्हणून इथं लिहितेय. तिवसा तालुक्यात आमच्या शेजारच्या घरी मागच्या आठवड्यात कॅमेरे लावायला आला होतास, वाचशील तर ओळखशील.

आमचे हे जाऊन आठ महिने झाले. मोझरीला गुरुकुंजात तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला दरवर्षी जायचे, गावोगावची खंजिरी भजनं कॅमेऱ्यात घेऊन घरच्या कॉम्प्युटरवर ठेवायचे, असं करत करत ४०० जीबी झालं. आणि आता त्याच कॉम्प्युटरची डिस्क कट् कट् वाजायला लागली. बाहेरची नवी हार्ड डिस्क आणून लावली तर कॉपी व्हायला चार तास दाखवे, अन् आमच्याकडं चार तास सलग लाईन राहते कुठं बाप्पा! तीनदा अर्ध्यात बंद पडलं. दरवेळी वाटे, गेला आता यांचा आवाज.

शहरातल्या दुकानात दोनदा गेले. एकदा म्हणाले २०१६ चा कॉम्प्युटर आहे, यात फास्ट पोर्ट येतच नाही, नवीन घ्या. दुसऱ्यांदा म्हणाले यूएसबी हाय-स्पीडच आहे, आणखी काय पाहिजे, घरच्या पोराला पाठवा तुम्हाला नाही समजणार. मी तीस वर्षं अंगणवाडी चालवली आहे, लिहितावाचता येतं मला. फार लागलं ते.

तू आलास तर खुर्चीवर पण बसला नाहीस, सरळ टेबलाखाली शिरून कॅबिनेट फिरवलं, दुपट्ट्यानं मागची धूळ पुसली. मग मोबाईलची बॅटरी लावून तो मोबाईल माझ्याच हातात दिला, "काकू, मी नाही सांगत, तुमीच पाहा." मी चष्मा आणेपर्यंत थांबलास. मागच्या एका पोर्टच्या आत निळी पट्टी दिसली, बाजूला एसएस लिहिलेलं. तू म्हणालास निळ्या रंगावर जाऊ नका, काही कंपन्या रंग देतच नाहीत, आतल्या धातूच्या पट्ट्या मोजा. चार मोठ्या, त्यांच्याशिवाय बारीक पाच. मला तीनच दिसत होत्या, तू म्हणालास बॅटरी थोडी तिरपी धरा, अन् पाचही दिसल्या. बाबू, कोणी इतकी वाट पाहत नाही रे आमच्यासारख्यांची. घाईचं काम सोडून आला होतास, तिकडून हाका येत होत्या, तरी हातातला मोबाईल ओढून घेतला नाहीस.

समोरच्या पोर्टमध्ये चारच पट्ट्या होत्या, आम्ही रोज तिथंच लावत होतो. तेव्हा कळलं की हाय-स्पीड हे जुन्या, सेकंदाला ४८० मेगाबिटवाल्या यूएसबीचंच नाव, निळा तो सुपरस्पीड, ५ गिगाबिटचा, अन् तो २००८ मध्येच निघालेला. म्हणजे आमच्या कॉम्प्युटरला पहिल्या दिवसापासून होता, फक्त मागं भिंतीकडं तोंड करून. दुकानदारानं नुसतं वाकून पाहिलं असतं तर माझे दोन महिने रडण्यात गेले नसते.

पैसे विचारले तर म्हणालास, "पाहाचे काय पैसे घेतेत काकू?" चहा पण उभ्यानंच प्यायलास. ज्या आईनं तुला असं वागायला शिकवलं तिला माझा नमस्कार सांग. मोठ्या डिग्र्या, मोठी दुकानं पाहिली मी, पण समोरच्याला अडाणी न समजता बोलायचं हे थोड्याच लोकांना जमतं.

त्या रात्री मागच्या निळ्यात लावून कॉपी केलं, सव्वा तासात सगळं झालं. लाईन गेली ती त्याच्यानंतर अर्ध्या तासानं. अंधारात बसून राहिले, पहाटे लाईन आली तसा पहिलाच व्हिडिओ लावला, भजन सुरू व्हायच्या आधी हे खोकतात अन् म्हणतात, "चालू झालं का रे?"

टेबल आता फिरवून ठेवलाय, कॅबिनेटची पाठ माझ्याकडं. कापूस वेचणी झाली की ये, आईला घेऊन ये, जेवूनच जायचं.

तुझी काकू