एलईडी प्रकल्प छापताना करंटचा हिशेबही द्या

महोदय,

विज्ञान पुरवण्यांमध्ये एलईडीचे छोटे प्रकल्प आता नियमित येऊ लागले आहेत, हे फार चांगलं आहे. त्यात सर्किट असतं, सुट्या भागांची यादी असते, पण कुठून किती करंट वाहतो हे बहुधा नसतं. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायच्या पाटीवर) हे चालून जातं. मात्र तेच सर्किट पाहून कुणी स्वतःचा पीसीबी (तांब्याच्या पट्ट्यांचा छापील सर्किट बोर्ड) बनवून घेतला, तर चूक निस्तरायला त्या पट्ट्या म्हणजे ट्रॅक कापून वायरी जोडत बसावं लागतं.

साधं उदाहरण रेझिस्टरचं. लाल एलईडीवर सुमारे 2 व्होल्ट पडतात. पुरवठा 5 व्होल्टचा असेल, तर उरलेल्या 3 व्होल्टना 10 मिलिअँपने भागून 300 ओहम येतात. नेहमी मिळणारा 330 ओहमचा लावला की 9 मिलिअँप वाहतात. निळ्या किंवा पांढऱ्या एलईडीवर 3 व्होल्टच्या आसपास पडतात, म्हणून त्याच रेझिस्टरवर करंट 6 मिलिअँपपर्यंत उतरतो. लेखात नुसतं ‘330 ओहम’ छापलं, की रंग बदलणाऱ्याला उजेड का घटला ते कळत नाही. समांतर जोडलेल्या अनेक एलईडींना मिळून एकच रेझिस्टर दाखवणं तर सरळ चूक आहे. ज्या एलईडीचा व्होल्टेज जरा कमी, तीच जास्त करंट ओढते आणि बाकीच्या मंद राहतात.

खरी गडबड होते ती डब्ल्यूएस2812बी जातीच्या, पोटातच कंट्रोल चिप असलेल्या रंग बदलणाऱ्या एलईडींमध्ये. पूर्ण पांढऱ्या उजेडाला एकीसाठी 60 मिलिअँप धरावेत, म्हणजे 30 एलईडींना 1.8 अँपिअर. नव्या आवृत्त्या कमी घेतात, पण ट्रॅकची रुंदी मोठ्या आकड्यावरूनच ठरवावी. नेहमीच्या 35 मायक्रॉन जाडीच्या तांब्यावर 0.25 मिमी रुंद आणि 100 मिमी लांब ट्रॅकचा रोध 0.2 ओहम होतो. 1.8 अँपिअरला त्यात 0.36 व्होल्ट जातात. ग्राउंडचा ट्रॅकही तसाच बारीक ठेवला, तर पहिल्या एलईडीपर्यंत 4.3 व्होल्टच पोचतात आणि ट्रॅक चांगलाच तापतो तो वेगळाच. पुढच्या ओळीत व्होल्टेज आणखी घसरलं, की निळा आणि हिरवा आधी मंदावतात. पांढरा लालसर दिसू लागतो. लोक मग प्रोग्रॅममध्ये दोष शोधतात! हाच ट्रॅक 2.5 मिमी केला, तर घट 0.04 व्होल्टच्या आत येते. पीसीबीवर जागा असतेच, ती वापरायची.

शिवाय 5 व्होल्टवर या एलईडींना कोणता रंग दाखवायचा ते सांगणारा डेटाचा सिग्नल किमान 3.5 व्होल्टचा लागतो. 3.3 व्होल्टचा कंट्रोलर थेट जोडला, तर कधी चालतो, कधी रंग भलतेच येतात. मध्ये सिग्नलचा व्होल्टेज वाढवणारा 74एएचसीटी125 आयसी घालावा, डेटाच्या ओळीत 330 ओहमचा रेझिस्टर आणि पुरवठ्यावर 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्यावा. प्रत्येक एलईडीच्या पिनांलगत 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. तो दूर कोपऱ्यात लावून फारसा उपयोग नाही.

एलईडीच्या दिशेबद्दलही एक ओळ हवी. बारीक एसएमडी (पीसीबीच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणाऱ्या) एलईडीवरचा हिरवा ठिपका बहुधा कॅथोड म्हणजे ऋण टोक दाखवतो, पण काही उत्पादकांच्या खुणा उलट असतात. सोल्डर करण्याआधी मल्टिमीटर डायोड तपासायच्या खुणेवर ठेवून एक एलईडी पेटवून पाहिली की शंका राहत नाही.

आता संपादकांकडे थेट विनंती. पीसीबीचं चित्र रकान्यात बसवताना लहान-मोठं होतं. त्याच्याशेजारी 50 मिमीची मापरेषा छापावी, म्हणजे वाचकाला मूळ आकारात प्रिंट काढून त्यावर प्रत्यक्ष भाग ठेवून पाहता येतील. आणि चित्र भागांच्या बाजूने आहे की तांब्याच्या, हे लिहावं. घरी लेझर प्रिंटचा टोनर इस्त्रीने तांब्यावर उतरवून बोर्ड बनवणाऱ्याचं चित्र उलटंसुलटं झालं, तर आयसीच्या पिना आरशात पाहिल्यासारख्या येतात आणि अख्खा बोर्ड वाया जातो.

आपला,
एक इलेक्ट्रॉनिक्सप्रेमी वाचक