तीळ तपासायच्या त्या चौकटीत डोकं आणि तळपाय राहून गेले

संपादकसाहेब, नमस्कार.

मागे तुमच्या आरोग्याच्या पानावर कातडीचा कॅन्सर वेळेत कळावा म्हणून तीळ कसे तपासायचे यावर एक चौकट आली होती, पाच फोटो, पाच मुद्दे आणि खाली 'महिन्यातून एकदा आरशासमोर उभं राहून बघा'. चौकट चांगली होती, मी ती कापून माझ्या सलूनमधल्या आरशाच्या कोपऱ्यात चिकटवली पण आहे, त्यामुळे हे पत्र म्हणजे तक्रार समजू नका. बरं, थोडीशी तक्रार आहे. सगळे फोटो गोऱ्यापान पाठीचे आणि दंडाचे होते, आणि ज्या जागा आरशात दिसतच नाहीत त्यांच्याबद्दल एक ओळ नव्हती. आणि माझा तर धंदाच त्या जागांचा आहे. सव्वीस वर्षं झाली, मी लोकांची डोकी मागून बघतोय, जी त्यांनी स्वतः जन्मात बघितलेली नसतात.

माझ्याकडे एक काका येतात, खूप जुने कस्टमर. त्यांच्या उजव्या कानामागे, जिथे केस संपतात तिथे एक तीळ होता, तपकिरी, पेन्सिलच्या टोकाएवढा, मला तो इतका पाठ होता की मशीन तिथे आलं की हात आपोआप हलका व्हायचा. मग एकदा कटिंग करताना बघतो तर तो एका बाजूने पसरलाय, टिपकागदावर शाईचा थेंब पडल्यावर फुटतो ना तसा, आणि पसरलेला भाग जवळजवळ काळा, आधीचा भाग मात्र तसाच तपकिरी. मी गप्प बसलो. खरं सांगतो, गप्प बसलो. कुणाच्या अंगावरच्या डागाबद्दल कसं बोलायचं, आपण काय डॉक्टर आहोत का, उगाच म्हातारा माणूस घाबरेल, नाहीतर म्हणेल तू आपलं केस काप, असं सगळं मनात आलं आणि मी कापड झटकून त्यांना मोकळं केलं. पुढच्या वेळी पण तेच. तिसऱ्या वेळी मात्र राहवलं नाही, त्यांना विचारून मोबाईलवर फोटो काढला आणि समोर धरला. तर ते म्हणाले, "हे माझं आहे?" अहो, त्यांनी तो तीळ कधी बघितलाच नव्हता! हाताला लागायचा एवढंच माहीत. घरी काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या तुमच्या कानामागे कोण बघत बसलंय.

ज्या डॉक्टरांकडे ते आधी गेले त्यांनी पंधरा दिवसांचं मलम दिलं. ते संपल्यावर मुलगा त्यांना स्किन स्पेशालिस्टकडे घेऊन गेला, तिथे डॉक्टरांनी डर्मोस्कोप लावला, म्हणजे दिवा असलेलं भिंग, साधारण दहा पट मोठं दिसतं त्यातून, आणि अख्खा तीळ आजूबाजूच्या थोड्या कातडीसकट काढून लॅबला पाठवला. रिपोर्टमध्ये मेलानोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, जाडी 0.6 मिलिमीटर. मग परत एकदा त्याच जागी चारी बाजूंनी 1 सेंटिमीटर कातडी काढली आणि तपासणीला नियमित यायला सांगितलं. किमो नाही, काही नाही.

आता हे 0.6 काय भानगड आहे ते मला माझ्या मुलीने समजावलं, ती नर्सिंग करते. मला वाटायचं डाग केवढा रुंद झालाय त्यावर सगळं असतं. तर नाही, तो आत किती खोल गेलाय त्यावर असतं. ब्रेस्लो नावाच्या पॅथॉलॉजिस्टने 1970 मध्ये हे मोजून दाखवलं आणि आजही मेलानोमाच्या रिपोर्टमध्ये तो मिलिमीटरचा आकडा सगळ्यात आधी बघतात. 1 मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेक लोकांचं काम नुसत्या ऑपरेशनवर भागतं. जसा खोल जाईल तसा तो रक्तात आणि लसिकाग्रंथींत, म्हणजे मान-काखेतल्या गाठींत, शिरायची भीती वाढत जाते आणि मग गोष्ट कातडीची राहत नाही. मी दोन कटिंग गप्प बसलो ना, तेव्हा तो तिथे कणाकणाने खाली चालला असेल, हे आता रात्री आठवतं कधी कधी.

तुमच्या चौकटीतले पाच मुद्दे बरोबरच आहेत. तिळाच्या मधोमध रेघ मारली तर दोन बाजू सारख्या नसणं, कडा कातरल्यासारख्या किंवा पुसट असणं, एकाच तिळात दोन-तीन रंग असणं, 6 मिलिमीटरपेक्षा म्हणजे पेन्सिलच्या मागच्या रबरापेक्षा मोठा असणं आणि पाचवा, बदलणं. पण तुम्ही पाचही सारख्याच वजनाने छापलेत. मुलगी सांगत होती की पहिले चार, म्हणजे इंग्रजी नावांच्या पहिल्या अक्षरांवरून ए, बी, सी, डी, हे 1985 सालचे आणि बदलाचा ई नंतर 2004 मध्ये जोडला. मला विचाराल तर मी तोच सगळ्यात वर मोठ्या अक्षरात छापीन. कारण माणसाचा तीळ जन्मापासून वाकडा असू शकतो, मोठा असू शकतो, आणि तरी तो आयुष्यभर निमूट पडून राहतो, आणि दुसरीकडे एखादा 4 मिलिमीटरचाच असतो पण दोन महिन्यांपूर्वी तसा नव्हता. म्हणून फोटो काढून ठेवायचा. बाजूला मोजपट्टी धरायची, उजेड तोच, अंतर तेच, फोटोवर तारीख असतेच. आठवणीवर विसंबून चालत नाही, मी रोज बघणारा माणूस आणि मलासुद्धा नक्की कधी बदलला ते सांगता आलं नाही.

आणि सगळ्याच तिळांना एकेक करून पाच प्रश्न विचारत बसायची पण गरज नाही. एकाच माणसाच्या अंगावरचे तीळ साधारण एका घरातले वाटतात, एक तऱ्हा असते त्यांची. त्यात जो परका वाटतो, बाकीचे फिकट आणि हा काळाकुट्ट, किंवा बाकीचे सपाट आणि हा एकटाच गुलाबी फुगीर, तो दाखवायचा. डॉक्टर लोक त्याला अग्ली डकलिंग म्हणतात. गुलाबी मुद्दाम लिहिलं, कारण काही मेलानोमाला काळा रंगच नसतो आणि माणूस फोड समजून सोडून देतो. अजून एक, तीळ नव्हताच अशा जागी नवीन डाग येणं. मला आधी वाटायचं कॅन्सर म्हणजे जुना तीळ बिघडतो, आमच्या काकांचं तसंच झालं, पण दहातले सातेक मेलानोमा साफ कातडीवर नव्याने उगवतात. लहानपणी आणि तरुणपणी नवे तीळ येत राहतात ते ठीक, चाळिशीनंतर आलेला नवा काळा डाग मात्र एकदा दाखवून घ्यावा.

आता रंगाचं. सलूनमध्ये चौकट चिकटवली तेव्हा एक जण म्हणाला, हे गोऱ्या लोकांचं दुखणं आहे, आपल्याला काय होतंय. अर्धं बरोबर आहे. गोऱ्या कातडीला धोका खूपच जास्त असतो, उन्हामुळे. पण सावळ्या आणि काळ्या लोकांना मेलानोमा झाला तर तो बऱ्याचदा ऊन पोचतच नाही अशा जागी होतो, तळपाय, तळहात, नखाखाली, आणि कोणी बघत नाही म्हणून कळतो पण उशिरा. बॉब मार्ली माहीत असेल, जमैकाचा गायक. 1977 मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्यात नखाखाली निघाला, आधी फुटबॉल खेळताना लागलेलं वाटलं होतं, आणि 1981 मध्ये तो गेला. वय 36.

नखाचं जरा नीट लिहितो कारण यात घोटाळा फार होतो. दारात बोट सापडलं आणि नख काळं झालं तर ते साकळलेलं रक्त असतं, ते नखाबरोबर पुढे सरकतं आणि मागून स्वच्छ नख येतं. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्याने, म्हणून पायाच्या अंगठ्याला पूर्ण साफ व्हायला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं. तेव्हा डागाच्या मागच्या कडेला नखावर खूण करून ठेवा आणि दोन महिन्यांनी बघा डाग खुणेबरोबर पुढे सरकलाय का. जो मुळापासून टोकापर्यंत उभी पट्टी होऊन बसलाय आणि हलत नाही, रुंद होत चाललाय, किंवा ज्याचा काळेपणा नखाच्या बाहेर कातडीवर उतरलाय, त्याला मार लागल्याचं निमित्त देऊन चालणार नाही. सावळ्या लोकांच्या बऱ्याच नखांवर अशा फिकट तपकिरी रेघा असतात आणि त्या निरुपद्रवी असतात, हे पण सांगायला हवं, नाहीतर अर्धे वाचक आजच दवाखान्यात. एकाच नखावर नव्याने आलेली रेघ, त्यातून अंगठ्यावर, ही दाखवायची.

आमच्या धंद्यातल्या दोन गोष्टी. एक, दाढी करताना वस्तरा फुगीर तिळाला लागला की माणूस पांढराफटक पडतो, आता कॅन्सर होणार म्हणतो. नाही होत. कापल्याने साध्या तिळाचा कॅन्सर होत नाही, तिळातला केस उपटल्यानेही होत नाही. तुरटी फिरवा, बरं होईल. पण काही न लागता ज्या तिळातून रक्त येतं, खपली धरते, पडते, परत धरते, तो वेगळा. तसंच नाकावर किंवा कानाच्या कडेवर मोत्यासारखी चकचकीत गाठ किंवा महिनाभर न भरणारी जखम, विशेषतः ज्यांचं आयुष्य उन्हात गेलंय त्यांना. हा बहुतेक मेलानोमा नसतो, दुसऱ्या जातीचा कॅन्सर असतो, सावकाश वाढणारा, पण तो पण काढावाच लागतो. दर दाढीला त्याच जागी रक्त येतंय हे कस्टमरच्या आधी आम्हाला कळतं.

दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. तीळ नको म्हणून लोक तो जाळून घेतात, कुठलं तरी ॲसिड लावतात, कोण कुठे लेझर मारून घेतात. मलाही विचारतात, "जरा दोरा बांधून टाक ना." मी नाही करत. तीळ साधा असेल तर फक्त डाग राहील, पण साधा नसेल तर वरचा रंग जातो आणि आतलं तसंच राहतं, आणि लॅबमध्ये बघायला तुकडाच उरत नाही. काकांचा तीळ आधी कुणी जाळला असता तर 0.6 हा आकडा कधी मिळालाच नसता. तीळ काढायचाच असेल तर आधी डॉक्टरने डर्मोस्कोपने बघितलेला असावा आणि जरा जरी शंका असेल तर काढलेला तुकडा तपासायला गेला पाहिजे, एवढं तरी तुमच्या चौकटीत यायला हवं होतं.

घाबरवायचं नाहीये मला. पन्नाशीनंतर पाठीवर, कपाळाच्या कडेला मेण चिकटवल्यासारखे खरबरीत तपकिरी चट्टे येतात, नखाने खरवडले तर थोडे निघतील असे वाटतात, ते वयाचे असतात आणि त्यांचा कॅन्सरशी संबंध नाही. माझ्या खुर्चीत बसणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्यांना ते आहेत. मी सव्वीस वर्षांत हजारो डोकी बघितली, त्यात खरा निघालेला माझ्या माहितीतला हा एकच. पण तो त्या माणसाला स्वतःला कधीच दिसला नसता.

तर विनंती अशी की पुढच्या वेळी चौकट छापाल तेव्हा सावळ्या कातडीवरचे फोटो पण घ्या, टाळू, कानामागची जागा, तळपाय आणि बोटांमधल्या फटी, नखं हे लिहा, आणि 'आरशासमोर' ऐवजी 'घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा' असं लिहा. केस दाट असतील तर हेअर ड्रायरच्या हवेने भांग पाडत पाडत टाळू बघता येते, ही युक्ती बायकांनाही उपयोगाची आहे, त्यांची टाळू तर आम्हाला पण दिसत नाही. आणि माझ्यासारख्याच कारागिरांना सांगायचं तर बोलायला लाजू नका. "कॅन्सर आहे" असं म्हणायचं नाही, तो आपला अधिकार नाही. फोटो काढायचा आणि म्हणायचं, हा मागच्या वेळी असा नव्हता, एकदा दाखवून घ्या. माझ्या अनुभवात रागावलं कोणी नाही.

काका आता दर तीन आठवड्यांनी येतात. डोक्यावर केस राहिलेत किती, खरं तर दोन महिन्यांनी आले तरी चाललं असतं. कटिंग झालं की मी कापड सोडायच्या आत स्वतःच दोन्ही कान पुढे दुमडून धरतात आणि म्हणतात, "बघ रे."

आपला,
एक वाचक, सलूनवाला