माळ्यावरची फाईल

कराड, रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

फोनवर हे बोलायला घेतलं की माझा आवाज बसतो, आणि तू लगेच ‘पप्पा, जेवलात का’ म्हणून विषय बदलतेस. म्हणून कागद घेतला.

परवा बारशाला मी तुझ्याकडेच बघत होतो. बायका बाळाला या मांडीवरून त्या मांडीवर देत होत्या. तुझ्यापुढे धरलं तशी तू हात मागे बांधून भिंतीला टेकलीस. ‘मला सर्दी आहे’ म्हणालीस. तुला सर्दी नव्हती. रात्री आईजवळ काय बोललीस ते तिनं मला सांगितलं. आपला बाबू, तुझा धाकटा भाऊ, तुझ्या शिंकेनं गेला, हे तू अकरा वर्षं उराशी धरून बसलीस!

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर चढून त्याची फाईल काढली.

तू तेव्हा चौथीत होतीस. तुला आजीकडे ठेवलं आणि ‘बाबूला मुंबईत औषध चालू आहे’ एवढंच सांगितलं. ती चूक आमची. आता पहिल्यापासून ऐक.

त्याचे पाय दुखायचे. इथल्या डॉक्टरांनी ‘वाढीचं वय आहे’ म्हणून टॉनिक दिलं. नडग्यांवर निळे डाग उठले तेव्हा तू खेळताना ढकलतेस म्हणून आईनं तुला धपाटा घातला होता, आठवतंय? ते डाग तुझे नव्हते. रक्त तपासलं तर प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, अकरा हजार. दीड लाखाच्या वर हव्यात. नुसतं टेकलं तरी डाग पडत होता.

मग कोयना एक्स्प्रेसनं दादर, तिथून परळला टाटा हॉस्पिटल. ब्लड कॅन्सर. त्यातला एएलएल, मुलांना सगळ्यात जास्त होतो तो. उपचार नीट झाले तर बहुतेक पोरं यातून बरी होतात, असं डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले. पुढे मला सगळ्यात जास्त बोचलं ते हेच वाक्य.

आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी बाबूचा चेहरा लाडवासारखा गोल झाला आणि भूक अशी लागायची की रात्री तीनला उठून बटाट्याची भाजी मागायचा. तुझी आई स्टोव्ह पेटवायची. बाहेरचं काही द्यायचं नाही, पाणी उकळून, फळ सालीचं. पाठीच्या कण्यातून इंजेक्शन देताना मी त्याचे गुडघे पोटाशी दाबून धरायचो. सुई निघाली की तो म्हणायचा, ‘ताईला सांगू नका मी रडलो.’ आज सांगतोय.

दर आठवड्याला शिरेतून एक औषध जायचं, व्हिन्क्रिस्टीन. एका सिस्टरनं सांगितलं, हे सदाफुलीपासून काढतात. बाबूला ते खरंच वाटेना. तू रोज आजीच्या देवाला वाहायचीस तीच सदाफुली! ‘म्हणजे ताईच्या झाडाचं औषध आहे’ म्हणत त्यानं त्या दिवशी हात स्वतः पुढे केला.

प्लेटलेटसाठी एसटीच्या परळ डेपोतले कंडक्टर यायचे. ओळख ना पाळख, माझ्या खाकी शर्टावर आलेली माणसं. दीड-दीड तास मशीनला हात लावून पडायचे. रक्त बाहेर येऊन प्लेटलेट तेवढ्या काढून घेतल्या जायच्या आणि बाकीचं परत अंगात. त्या पिशव्या पाच दिवसच टिकतात. म्हणून एकजण गेला की दुसरा लागायचाच. त्यातल्या एकाला मी अजून दर दिवाळीला फोन करतो.

पहिला टप्पा पार पडला. बोन मॅरोत, म्हणजे हाडातल्या मगजात, कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. दसऱ्याआधी थोड्या दिवसांची सुट्टी मिळाली. रक्तातल्या पेशींचे काउंट आता खाली येतील, ताप आला तर एक मिनिट थांबू नका, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन आधी अँटिबायोटिक सुरू करा, असं बजावून कार्ड दिलं होतं. त्याच सुट्टीत तू मागच्या दारानं त्याच्या खोलीत गेलीस, एका गोधडीत बसून दोघं हसलात, तुझं नाक वाहत होतं. मला ते माहीत होतं. मी बघितलं होतं. मी दार लोटून घेतलं, कारण चार महिन्यांत तो तसा हसला नव्हता.

आता फाईलमधला कागद. ब्लड कल्चर, रक्तात कुठला जंतू आहे ते शोधायची तपासणी. त्यात क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला. सर्दी व्हायरसनं होते. हा जीवाणू, चांगल्या धडधाकट माणसांच्याही आतड्यात असू शकतो. केमोनं जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी संपल्या आणि आतड्याचं अस्तर सोललं की तो आतूनच रक्तात शिरतो. बाबूच्या पांढऱ्या पेशी त्या दिवशी दोनशेच्या खाली होत्या. हे तुझ्या नाकातून आलं नव्हतं. झेरॉक्स सोबत ठेवलीय, कुठल्याही डॉक्टरला दाखव.

एक गोष्ट कुठल्याच कागदावर नाही. ताप रात्री दहालाच आला होता. थर्मामीटर मी लावला. 100.6. कार्डावर 100.4 लिहिलं होतं. मी मनाशी म्हटलं, दोन पॉइंट तर आहेत, आत्ताच झोप लागलीय पोराला, पहाटे बघू. पाचला तो थंड पडला होता आणि ओठ निळे. पुढचे चार दिवस तुला माहीत आहेत. म्हणजे, माहीत नाहीत, तुला मामाकडे पाठवलं होतं.

लवकर नेलं असतं तर वाचला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, असा हिशोब लागत नाही. मी तो अजून लावतो. गाडीत तिकीट फाडतानासुद्धा लावतो.

काल रात्री आईला पहिल्यांदा सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘मला माहीत आहे. मी जागीच होते. मलाही वाटलं, झोपू दे.’

मग तवा उतरवून कितीतरी वेळ तशीच बसली.

आजीच्या अंगणातली सदाफुली अजून आहे. कुणी पाणी घालत नाही, तरी येते.

शनिवारी ये. खरंच शिंका येत असल्या तरी ये. बाळ अजून माहेरीच आहे.

तुझे
पप्पा

ता. क. मेसचे पैसे टाकलेत. आले का, कळव.