माळीकाका, तुमचे मनापासून आभार

प्रिय माळीकाका,
सप्रेम नमस्कार.

लॉबीतलं झाड वाचवल्याचे पैसे विचारले तर तुम्ही हात हलवून निघून गेलात. म्हणून हे उघड पत्र, म्हणजे नेरूळच्या आपल्या सोसायटीतले सगळेच वाचतील.

लॉबीतल्या पीस लिलीने मान टाकली होती. माती ओली, तरी पानं लोंबलेली आणि खालची पिवळी. लिफ्टची वाट बघताना जो तो बाटलीतलं उरलेलं पाणी तिला घालायचा, ‘बिचारी तहानलीय’ म्हणून. (इतकं स्वस्त पुण्य कोण सोडेल!) तुम्ही पानांना हातही न लावता आधी कुंडी तिरकी केलीत. शोभेच्या बाहेरच्या कुंडीला भोकच नव्हतं. तळाशी साचलेलं पाणी वास मारत होतं.

मुळांनाही हवा लागते. सतत चिखलात राहिली की ती गुदमरून कुजतात, मग भोवती पाणी असूनही पानांपर्यंत पोचत नाही. हे तुम्ही मुळं हातात धरून दाखवलंत. पांढरी, टणक मुळं ठेवलीत. दाबताच साल सुटणारी तपकिरी मुळं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापलीत. माती बदलून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाईट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) आणि थोडं गांडूळखत घातलंत. कुंडी मुद्दाम लहान घेतलीत, कारण मोठ्या कुंडीतली जास्तीची माती ओलीच राहते. सेक्रेटरी वरून आणखी खत टाकायला निघाले, तेव्हा “आजाऱ्याला पंगतीत बसवू नका” म्हणालात. पिवळी पानं परत हिरवी होत नाहीत, नवं पान येतंय का ते बघा, हेही तुमचंच. आलंय, काका!

पावसाळ्यात खाडीकडची दमट हवा, त्यात लॉबीत उजेड कमी. माती वाळणार कधी? म्हणून आता वार ठरवून पाणी नाही. बोट खुपसायचं, पीस लिलीची वरची इंचभर माती सुकली तरच घालायचं. स्नेक प्लांट आणि झीझी ही झाडं पाणी साठवून ठेवतात, त्यांची कुंडी पूर्ण सुकू द्यायची. ताटलीत उतरलेलं पाणी लगेच ओतून टाकायचं.

पण तुमची खरी करामत वेगळीच. झारी वॉचमनकडे ठेवून पाणी एकानेच घालायचं, हा नियम तुम्ही सगळ्यांसमोर वदवून घेतलात. आमच्या मीटिंगमध्ये इतक्या पटकन काहीच ठरत नाही.

बाकीच्या बिनभोकाच्या कुंड्या बदलायला समितीने मंजुरी दिली आहे. गांडूळखत तुम्हीच घेऊन या. आणि या वेळी पैसे घ्यावे लागतील, तेही ठरलंय.

आपली,
बी विंगमधली शेजारीण