टूथपेस्ट नको, आधी नळ उघड

प्रिय बाळा,

काल तू बोलता बोलता सांगितलंस की हात भाजला आणि टूथपेस्ट लावली, तेव्हापासून माझं कशात लक्षच लागेना. फोनवर तू अर्धं ऐकतोस म्हणून लिहूनच पाठवतेय, नीट वाच.

भाजलं की आधी नळाखाली हात. साधं गार पाणी, बर्फ अजिबात नको, आणि घड्याळ बघून 20 मिनिटं. दोन-तीन मिनिटांत आग थांबल्यासारखी वाटते आणि आपण हात काढून घेतो, पण कातडीच्या आत उष्णता असतेच आणि ती आत भाजतच राहते. अंगठी, घड्याळ तेव्हाच काढ, सूज आल्यावर निघत नाही. तू चार वर्षांचा असताना तुझ्या पायावर कढत पाणी सांडलं, तेव्हा मी पण पेस्टच फासली होती रे, मग डॉक्टरांना जखम बघायच्या आधी ती पुसून काढायला लागली आणि तू जे किंचाळलास ते अजून माझ्या कानात आहे. पेस्ट, तेल, लोणी काही लावायचं नाही. गार झाल्यावर क्लिंग फिल्मचा (खाणं झाकायचं पातळ पारदर्शक प्लास्टिक) वरचा एक वेढा फेकून दे आणि पुढचा तुकडा भाजलेल्या जागेवर नुसता अलगद ठेव, करकचून गुंडाळू नकोस. चिकटत नाही आणि हवा लागत नाही म्हणून ठणका कमी होतो. फोड फोडायचे नाहीत. भाजलेलं तळहातापेक्षा मोठं असेल किंवा तोंडावर, हातापायावर, सांध्यावर असेल तर सरळ डॉक्टर गाठ.

कापलं आणि रक्त थांबेना तर स्वच्छ रुमाल, टी-शर्ट, नाहीतर सॅनिटरी पॅड, जे हाताला लागेल ते जखमेवर ठेवून तळहाताने जोरात दाबून धर, किमान 10 मिनिटं. थांबलं का म्हणून मधेच उचलून बघायचं नाही, जमत आलेली गुठळी निघते आणि परत पहिल्यापासून सुरू. कापड भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेव आणि आणखी जोरात दाब. काच वगैरे आत रुतलेली असेल तर ओढू नकोस, बाजूने दाब, तीच रक्त अडवून धरत असते. धो धो वाहत असेल तर दाबता दाबताच कुणाला तरी अँब्युलन्स बोलवायला सांग.

नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकू नकोस, सगळं घशात जातं. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग चिमटीत धर, 10-15 मिनिटं, आणि तोंडाने श्वास घे.

हात मोडल्यासारखा वाटला तर सरळ करायला जाऊ नकोस, आहे तसाच ठेव. जाड मासिक नाहीतर वर्तमानपत्राची घडी खाली धरून ओढणीने बांध, मोडल्याच्या वरचा आणि खालचा सांधा हलता कामा नये. मग बोटांकडे बघत राहा. नख दाबून सोड, दोनेक सेकंदात परत गुलाबी व्हायला पाहिजे. पांढरं राहिलं, बोटं गार पडली किंवा मुंग्या आल्या तर गाठ घट्ट झालीये, लगेच सैल कर.

माझी सुती ओढणी तुझ्या बॅगेत तळाशी ठेवलीये. फरशी पुसायला घेऊ नकोस, आणि हाताचा फोटो आजच पाठव.

तुझी आई