थेंब नाही, पापण्यांची कृती पाठवते आहे

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

डोळ्यांचा लालपणा घालवणारे थेंब इथून पाठव म्हणालीस, ते मी पाठवत नाही. तसल्या थेंबांत बहुधा नॅफॅझोलिन नाहीतर टेट्राहायड्रोझोलिन असतं. ते डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे काही मिनिटांत डोळा स्वच्छ दिसतो. असर उतरला की त्याच वाहिन्या पुन्हा फुगतात, आणि रोज वापरलं तर आधीपेक्षा जास्त. मग माणूस परत बाटली उचलतो. मूळ सूज आणि कोरडेपणा मात्र जिथल्या तिथे. म्हणून थेंबांऐवजी हे लांबलचक पत्र. दोन बैठकांत वाचलंस तरी चालेल.

सकाळी पापण्या चिकटलेल्या, कडा लाल, केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे कण, दुपारनंतर चुरचुर, वाचताना अक्षरं धूसर होतात आणि पापण्यांची उघडझाप केली की पुन्हा नीट दिसतात, वाऱ्यात घळाघळा पाणी. तू लिहिलेलं हे सगळं वाचून माझा पहिला संशय पापण्यांवर जातो, डोळ्यावर नंतर. नक्की काय ते तपासणीनंतरच ठरेल, पण चित्र ओळखीचं आहे: पापणीच्या कडेची जुनाट सूज, म्हणजे ब्लेफरायटिस, आणि तिच्या जोडीला तेलग्रंथी तुंबणं.

वरच्या पापणीत साधारण 25 ते 40 आणि खालच्या पापणीत 20 ते 30 उभ्या तेलग्रंथी असतात. त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. त्यांची तोंडं केसांच्या रांगेच्या किंचित मागे, पापणीच्या कडेवर उघडतात. प्रत्येक उघडझापीला थोडं तेल बाहेर येतं आणि अश्रूंवर पातळ थर धरतं. त्याच्या खाली पाणी, आणि त्याच्याही खाली डोळ्याला धरून ठेवणारा चिकट थर. वरचं तेल कमी पडलं की पाणी भराभर उडून जातं, उरलेले अश्रू जास्त खारट होतात, खारटपणाने पृष्ठभाग सुजतो, आणि सुजेमुळे चिकट थर तयार करणाऱ्या पेशी मरतात. मग अश्रू आणखीच टिकत नाहीत. हे चक्र आपोआप थांबत नाही.

आता तुझा प्रश्न, डोळे कोरडे आहेत तर पाणी का वाहतं? कोरडेपणाने बुबुळावरच्या नसा चिडतात आणि मोठी अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. त्या पाण्याबरोबर पुरेसं तेल नसतं, म्हणून ते टिकत नाही, गालावर येतं.

निरोगी ग्रंथीतलं तेल पारदर्शक आणि पातळ असतं. तुंबलेल्या ग्रंथीतलं टूथपेस्टसारखं घट्ट आणि पांढुरकं होतं, आणि शरीराच्या नेहमीच्या तापमानाला वितळत नाही. सगळ्या उपचाराची मेख इथे आहे. पापणीला 40 अंशांच्या आसपास ऊब काही मिनिटं सलग मिळाली तरच ते सैल होतं. बहुतेकांचा शेक इथेच वाया जातो. गरम पाण्यात बुडवलेला रुमाल दोनेक मिनिटांत कोमट होतो आणि मग तो नुसता ओला रुमाल उरतो. त्यामुळे एकाऐवजी चार-पाच लहान स्वच्छ रुमाल घे. ते ओले करून, पिळून, एकात एक गुंडाळून गरम कर. सगळ्यांत बाहेरचा आधी वापर, आणि दर दोन मिनिटांनी त्याच्या आतला घे. एकूण 8 ते 10 मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये तापणारा डोळ्यांचा मास्क मिळाला तर काम सोपं होतं, पण तो हलवून घ्यायचा, कारण आत एखादी जागा जास्त तापलेली असते. काहीही असो, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायचं. छान ऊब वाटली पाहिजे, चटका नको. 45 अंशांच्या वर जायचं नाही. शेक घेताना डोळ्यावर दाब द्यायचा नाही, नुसतं ठेवायचं. नंतर काही मिनिटं नजर धूसर राहते, ती घाबरण्यासारखी गोष्ट नाही.

शेक संपला की लगेच मालिश. तेल पुन्हा गोठायच्या आत. हात धुतलेले, नखं कापलेली, लेन्स असेल तर काढलेली. वरच्या पापणीसाठी खाली बघायचं, बोटाचं पेर पापणीवर आडवं ठेवून भुवईकडून केसांकडे, वरून खाली, हळू सरकवायचं. खालच्या पापणीसाठी वर बघायचं आणि बोट खालून वर, केसांकडे न्यायचं. नाकाकडून कानाकडे सरकत प्रत्येक पापणीवर पाच ते दहा वेळा. दाब पापणीवर पडावा, बुबुळावर नाही. चोळणं नकोच. डोळे चोळायची सवय बुबुळाचा आकार बिघडवू शकते, आणि तुला ती आहे. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, तिला हे करायचं असेल तर आधी तिच्या सर्जनला विचार.

तिसरी पायरी साफसफाई. पापण्यांसाठी मिळणारे तयार वाइप्स किंवा फोम सगळ्यांत सोयीचे. पातळ केलेला बेबी शाम्पू हा जुना सल्ला आहे. त्याने कडा स्वच्छ होतात, पण तो त्या चिकट थराला त्रास देतो असं आता दिसतं, त्यामुळे माझी पसंती त्याला नाही. हायपोक्लोरस ॲसिडचा 0.01 टक्क्याचा फवारा सौम्य असतो. ओल्या कॉटन बडने केसांच्या मुळाशी, डोळे मिटून, आडवं पुसायचं. दोन्ही डोळ्यांना वेगळा बड. चिपडं किंवा खपली सुकलेली असेल तर ओरबाडायची नाही. शेकानंतर ती भिजून सुटते, म्हणून तर हा क्रम.

केसांच्या मुळाशी नळीसारखी, मेणकट पुटं दिसली तर ते डेमोडेक्स या सूक्ष्म किड्यांचं लक्षण. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या अंगावर ते असतात, वाढले की त्रास देतात. त्यावर टी ट्री तेल लावायचा सल्ला सगळीकडे दिसतो. शुद्ध तेल डोळ्याच्या आसपासही नको, ते पृष्ठभागाला जाळतं आणि तेलग्रंथीच्या पेशींना विषारी ठरतं. अमेरिकेत 2023 मध्ये लोटिलानर 0.25 टक्के हे थेंब खास याच किड्यांसाठी मंजूर झाले. ते दिवसातून दोनदा, सहा आठवडे. तुला लागतील की नाही हे केसांची मुळं स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डॉक्टरांच्या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, पाहिल्यावर ठरेल.

हा सगळा उद्योग सुरुवातीला दिवसातून दोनदा, निदान सहा आठवडे. नंतर रोज एकदा, कायमचा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं: दोन-तीन आठवड्यांत बरं वाटतं, मग शेक सुटतो, आणि तेल पुन्हा साचतं. हा आजार आटोक्यात राहतो, मुळासकट जात नाही. हे आधीच कळलेलं बरं.

थेंब लागतीलच, पण साधे कृत्रिम अश्रू. कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज 0.5 टक्के किंवा सोडियम हायल्युरोनेट 0.1 ते 0.2 टक्के चालेल. पापण्यांचाच दोष असेल तर तेल मिसळलेले थेंब जास्त टिकतात, मात्र बाटली हलवून घे. लेबलवर बेंझाल्कोनियम क्लोराइड लिहिलेलं आहे का ते बघ. ते परिरक्षक आहे, बाटलीत जंतू वाढू देत नाही, पण डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या पेशींना मारतं. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब घालावे लागत असतील तर परिरक्षक नसलेलेच घे. एका वेळच्या छोट्या कुप्या उघडल्यावर पाकिटावर लिहिलेल्या वेळेत वापरायच्या आणि उरलेलं टाकून द्यायचं. एक थेंब पुरतो. डोळ्यात मावतो त्यापेक्षा तो आधीच मोठा असतो, दुसरा गालावरच जातो. खालची पापणी ओढून खोबणीत टाक, टोक कशालाही लागू देऊ नको, आणि मिनिटभर डोळे मिट. दुसरं औषध असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ दे, मलम सगळ्यांत शेवटी आणि रात्री. मलमाने धूसर दिसतं, म्हणून झोपायच्या आधीच.

दर तासाला साध्या पाण्याने डोळे धुणं आजच बंद कर. थंड वाटतं खरं, पण उरलेले अश्रू आणि तेल त्याबरोबर वाहून जातात.

दुकानदाराने दिलेले थेंब तू वापरत असशील तर त्यांचं नाव मला कळव. नावात डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन किंवा लोटेप्रेडनॉल असेल तर ते स्टिरॉइड आहे. त्याने दोन दिवसांत डोळे स्वच्छ होतात आणि लोक महिनोन् महिने चालू ठेवतात. तेवढ्यात डोळ्यातला दाब कोणतीही खूण न दाखवता वाढतो, मोतीबिंदू बनतो, आणि नागिणीचा किंवा बुरशीचा संसर्ग असेल तर चिघळतो. स्टिरॉइड वाईट नाही. डॉक्टर थोड्या दिवसांसाठी देतात, दाब मोजतात आणि हळूहळू कमी करतात. बराच काळ वापरून झाला असेल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नको, आधी दाखव.

सूज हट्टी असली तर डॉक्टर सायक्लोस्पोरिन 0.05 टक्के हे थेंबांचं औषध देतील. ते सुरुवातीला झोंबतं आणि पूर्ण गुण यायला तीन ते सहा महिने लागतात. महिनाभरात काही होत नाही म्हणून सोडणारे खूप. सुरुवातीला त्याच्या जोडीला थोडे दिवस स्टिरॉइड देतात ते यासाठीच. गालांवर आणि नाकावर लाली येत असेल, गरम पेयाने चेहरा तापत असेल, तर रोझेशिया हा त्वचेचा आजार असू शकतो. मग कमी मात्रेत डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या काही आठवडे देतात. जंतू मारण्यापेक्षा सूज उतरवणं आणि तेल पातळ करणं हा तिचा उद्देश. भरपूर पाण्याबरोबर, बसूनच घ्यायची, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. दूध, लोह आणि आम्लपित्ताच्या गोळ्या तिच्यापासून दूर ठेवायच्या. उन्हात त्वचा लवकर भाजते. गरोदरपणात आणि आठ वर्षांच्या आतल्या मुलांना देत नाहीत. अश्रू बाहेर जायच्या छिद्रात बसवायचे प्लग चांगले, पण सूज उतरल्यावर, नाहीतर सुजेचं पाणीच डोळ्यात कोंडतं.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचं विचारलंस. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ड्रीम नावाच्या चाचणीत रोज 3000 मिलिग्रॅम ओमेगा-3 घेणारे आणि ऑलिव्ह तेल घेणारे यांच्यात कोरडेपणाच्या त्रासात फरक आढळला नाही. तेव्हा त्यावर पैसे घालू नको.

स्क्रीनसमोर आपण पापण्या कमी वेळा लववतो, आणि लववल्या तरी अर्ध्याच मिटतात. अर्धवट मिटलेल्या पापणीतून तेल नीट बाहेर येत नाही. दर वीस मिनिटांनी सहा मीटर लांब बघ, आणि दहा वेळा हलकेच पूर्ण डोळे मिट. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडी खाली ठेव, म्हणजे पापणीची फट लहान राहते. पंखा किंवा एसीचा झोत तोंडावर नको. इथे थंडीत हीटरने हवा इतकी सुकते की खोलीत आर्द्रता 40 टक्क्यांच्या वर ठेवायला सांगतात. आयलायनर पापणीच्या आतल्या कडेला लावायचं नाही, ग्रंथींची तोंडं तिथेच आहेत.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची यादी ने. ॲलर्जीच्या जुन्या गोळ्या, नैराश्यावरची अमिट्रिप्टिलीन, मुरुमांची आयसोट्रेटिनॉइन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, सगळ्यांनी डोळे सुकू शकतात. आईच्या काचबिंदूच्या थेंबांतही परिरक्षक असण्याची शक्यता आहे. ते थांबवायचे मात्र अजिबात नाहीत, परिरक्षक नसलेला पर्याय आहे का एवढंच विचारा. तपासणीत पिवळा रंग टाकून, निळ्या उजेडात अश्रूंचा थर किती सेकंदांत फुटतो ते मोजतात. दहाच्या आत फुटला तर तो ठिसूळ. शिर्मर चाचणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं खालच्या पापणीत अडकवतात, ती 5 मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर पाण्याचाच मोठा तुटवडा. तसं निघालं आणि तोंडही सुकत असेल, सांधे दुखत असतील, तर श्योग्रेनच्या आजारासाठी (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते) रक्ततपासणी सुचवा असं सांग. पापण्या रात्री अर्धवट उघड्या राहतात का, हे भाऊजींना एकदा बघायला सांग. खाज हेच मुख्य लक्षण असेल तर ती ॲलर्जी असू शकते, तिचा उपचार वेगळा.

थांबायचं नाही अशी कारणं: चांगलंच दुखणं, उजेड सहन न होणं, उघडझाप करूनही न जाणारी धूसर नजर, लेन्स वापरताना लाल झालेला डोळा, दिव्याभोवती रंगीत वलयं आणि उलट्या. तेव्हा त्याच दिवशी जायचं. आणखी एक: महिनोन् महिने एकाच पापणीची कड सुजलेली, केस गळालेले, किंवा गाठ काढूनही त्याच जागी पुन्हा उठते, असं असेल तर तिचा तुकडा तपासायचा आग्रह धर. तेलग्रंथीचा कर्करोग कधीकधी असाच साध्या सुजेचं सोंग घेऊन येतो. क्वचित असतो, पण रांजणवाडी म्हणून वर्ष जाऊ नये.

उद्यापासून शेक सुरू कर. मोबाइलने दोन्ही डोळ्यांचा, एकाच खिडकीजवळ, सकाळी उठल्याबरोबर फोटो काढून ठेव आणि दर आठवड्याला एक पाठव. आईला साष्टांग नमस्कार, भाऊजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी